टोकाच्या परिस्थितीत जगणारे सूक्ष्मजीव आणि त्यांचा शेतीला उपयोग

सूक्ष्मजीव म्हटले की शेतकरी बंधूंच्या डोळ्यांसमोर रायझोबियम, अॅझोटोबॅक्टर, स्फुरद विरघळविणारे जिवाणू आणि ट्रायकोडर्मा ही नावे येतात. हे सर्व जीव मध्यम परिस्थितीत रमणारे आहेत. २५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान, पुरेसा ओलावा, ७ च्या आसपास सामू आणि थोडे सेंद्रिय पदार्थ मिळाले की ते जोमाने वाढतात. जिवाणू संवर्धनाचे पाकीट उन्हात राहिले किंवा रासायनिक खतात मिसळले गेले तर त्यांतील बहुतेक जिवाणू मरतात. म्हणूनच ही पाकिटे थंड जागी, सावलीत ठेवण्याची शिफारस केली जाते.

परंतु निसर्गात असेही सूक्ष्मजीव आहेत की ज्यांना हीच मध्यम परिस्थिती मानवत नाही. काही जिवाणू हात भाजेल अशा पाण्यात वाढतात. काही मिठागराच्या दाट खारट पाण्यात, काही सोड्यासारख्या विम्ल पाण्यात, तर काही गंधकाच्या आम्लात सुखाने नांदतात. जिथे पीक, जनावर किंवा माणूस तग धरू शकत नाही अशा ठिकाणी राहणाऱ्या या सूक्ष्मजीवांना शास्त्रीय भाषेत एक्स्ट्रीमोफाइल असे नाव आहे. आपण त्यांना टोकाच्या परिस्थितीतील सूक्ष्मजीव म्हणू. गेल्या पन्नास-साठ वर्षांत त्यांच्यापासून मिळालेल्या पदार्थांनी प्रयोगशाळा, साबण उद्योग, खाणकाम आणि पशुखाद्य या क्षेत्रांत मोठा बदल घडवून आणला आहे. यांपैकी काही जीव आपल्या उकिरड्यात, गोबरगॅस संयंत्रात आणि चोपण जमिनीतही काम करीत असतात. ते कसे जगतात, त्यांचा उपयोग कोठे होतो आणि शेतकऱ्याने त्यांच्याकडून काम कसे करून घ्यावे, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

हे जीव तग कसे धरतात?

अंडे उकडले की त्यातील पातळ पांढरा भाग घट्ट होतो. उष्णतेने प्रथिनांची घडी उलगडते आणि ती एकमेकांत गुंतून गोठतात. एकदा गोठलेले प्रथिन थंड केले तरी पूर्ववत होत नाही. सर्व सजीवांच्या पेशींतील कामे विकरे, म्हणजे एन्झाइम, करतात आणि विकरे ही प्रथिनेच असतात. त्यामुळे तापमान फार वाढले की साधा जिवाणू आतून 'शिजतो' आणि मरतो.

उष्णताप्रेमी जिवाणूंच्या प्रथिनांची घडी मात्र अधिक घट्ट बसलेली असते. घडीतील निरनिराळे भाग एकमेकांना अधिक बंधांनी जखडलेले असतात. एखादी पेंढी एका बंदाने न बांधता चार ठिकाणी आवळली, तर ती हलवली तरी सुटत नाही, तसाच हा प्रकार आहे. पेशीभोवतीचे स्निग्ध आवरणही वेगळ्या घडणीचे असते, म्हणून ते उष्णतेत वितळत नाही. जपानी शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये समुद्रतळाच्या उष्ण झऱ्याजवळील एक सूक्ष्मजीव जास्त दाबाखाली १२२ अंश सेल्सिअस तापमानातही वाढतो असे दाखवून दिले.

या घट्टपणाची किंमतही आहे. ७० अंशांवर वेगाने काम करणारे विकर ३० अंशांवर मंदावते. जो जीव ज्या परिस्थितीसाठी घडला, तीच परिस्थिती त्याला द्यावी लागते. हा मुद्दा शेतकऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावा, कारण पुढील सर्व माहितीचा तोच पाया आहे.

उष्ण झऱ्यातील जिवाणू आणि केळीच्या रोपांची तपासणी

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात उष्ण पाण्याचे अनेक झरे आहेत. थॉमस ब्रॉक या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात या झऱ्यांचा अभ्यास केला. सुमारे ७० अंश तापमानाच्या पाण्यातून त्यांनी व त्यांचे विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी एक पिवळसर जिवाणू वेगळा केला आणि १९६९ मध्ये त्याला थर्मस अॅक्वाटिकस असे नाव दिले. त्या वेळी या जिवाणूचा कोणाला काही उपयोग होईल असे वाटले नव्हते. जीवसृष्टीची उष्णतेची मर्यादा किती, एवढेच त्यांना पाहायचे होते.

पुढे १९८३ मध्ये कॅरी मुलिस या अमेरिकन शास्त्रज्ञाला डीएनएच्या नेमक्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची युक्ती सुचली. हीच पीसीआर पद्धत होय. या पद्धतीत नमुना प्रथम सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवतात, म्हणजे डीएनएच्या जोडदोराचे दोन पदर सुटे होतात. नंतर तापमान ५० ते ६० अंशांवर आणतात आणि पुढे ७२ अंशांवर विकराच्या साह्याने प्रत्येक पदराची जोडी पूर्ण करतात. अशा एका फेरीत एकाच्या दोन प्रती होतात, दुसऱ्या फेरीत चार, तिसरीत आठ. सर्व काही नीट चालले तर तीस फेऱ्यांत एका तुकड्याच्या १०७ कोटींहून अधिक प्रती तयार होतात. त्यामुळे नमुन्यात रोगजंतूचा अंश अगदी थोडा असला तरी तो सापडतो.

अडचण एवढीच होती की ९५ अंशांना साधे विकर निकामी होई. प्रत्येक फेरीला नवे विकर घालावे लागे. थर्मस अॅक्वाटिकसचे विकर मात्र या तापमानाला टिकते. ते वापरात आल्यावर पीसीआरचे काम यंत्रावर सोपवता आले. मुलिस यांना १९९३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. कोरोनाच्या साथीत २०२० पासून आरटीपीसीआर हा शब्द घरोघरी पोचला. त्या चाचणीमागेही उष्णता सहन करणारे असेच विकर असते.

शेतकऱ्याशी याचा संबंध असा की ऊतिसंवर्धित केळीची रोपे विषाणूमुक्त आहेत किंवा नाहीत याची खात्री याच पद्धतीने करता येते. पर्णगुच्छ रोग, तसेच जळगाव भागात हरण्या म्हणून ओळखला जाणारा काकडी मोझॅक विषाणूचा रोग, रोपे लहान असताना डोळ्यांना दिसत नाही. लागवडीनंतर लक्षणे दिसतात तेव्हा बेणे, ठिबक आणि खते यांवरचा खर्च होऊन गेलेला असतो. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये ऊतिसंवर्धित रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण पद्धती सुरू केली. तिच्या अंतर्गत मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत मातृवृक्षांची व रोपांच्या तुकडीची तपासणी होते. म्हणून रोपांची आगाऊ नोंदणी करतानाच संबंधित तुकडीचे प्रमाणपत्र मागावे. दोन रुपयांनी स्वस्त पण तपासणी नसलेली रोपे शेवटी महाग पडतात. जनावरांतील लंपी त्वचारोगाचे निश्चित निदानही पीसीआरने केले जाते.

आपल्या उकिरड्यातील उष्णताप्रेमी

उष्णताप्रेमी जिवाणू पाहण्यासाठी यलोस्टोनला जाण्याची गरज नाही. कोकणात उन्हवरे, तुरळ, राजापूर आणि वज्रेश्वरी परिसरात उष्ण पाण्याचे झरे आहेत. उन्हवरे येथील पाणी तर सुमारे ७० अंशांपर्यंत तापलेले असते. त्याहून जवळची जागा म्हणजे नीट रचलेला कंपोस्टचा ढीग.

काडीकचरा, शेण आणि ओलावा एकत्र आला की प्रथम साधे जिवाणू कामाला लागतात. साखर व पिष्टमय पदार्थ ते खातात आणि त्यांच्या श्वसनातून उष्णता निर्माण होते. तापमान ४५ अंशांच्या पुढे गेले की ते मागे पडतात आणि उष्णताप्रेमी जिवाणू, अॅक्टिनोमायसिटीस व काही बुरशी पुढे येतात. त्यांची विकरे काडातील सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज झपाट्याने फोडतात. ढिगाचा मध्य ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो. हे तापमान काही दिवस टिकले तर तणांचे बी, बहुतेक रोगकारक बुरशी, सूत्रकृमी आणि आतड्यांच्या रोगांचे जंतू नष्ट होतात. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून शेतात तण येते आणि हुमणीचा उपद्रव वाढतो, त्याचे एक मोठे कारण म्हणजे ते खत कधी तापलेलेच नसते.

उष्णताप्रेमींकडून हे काम करून घेण्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

१. ढीग किमान एक मीटर उंच व तितकाच रुंद असावा. लहान ढिगातील उष्णता हवेत निघून जाते.

२. वाळलेला काडीकचरा आणि शेण किंवा हिरवा पाला यांचे थर आलटून पालटून द्यावेत. कर्ब व नत्र यांचे प्रमाण सुमारे ३० ला १ असे राहिले तर कुजण्याची क्रिया चांगली होते. नुसते काड घातल्यास ढीग तापत नाही. नत्र फार झाले तर अमोनियाचा उग्र वास येतो व नत्र वाया जाते.

३. ओलावा ५० ते ६० टक्के ठेवावा. मूठभर कचरा दाबल्यावर बोटांतून एक-दोन थेंब पाणी यावे, धार लागू नये.

४. एक लोखंडी सळई ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढावी. सळई हातात धरवत नसेल इतकी गरम झाली असेल तर काम नीट चालू आहे. कोमट असेल तर पाणी, शेण किंवा हवा यांपैकी काय कमी पडते ते पाहावे.

५. तापमान उतरू लागले की ढीग चाळवावा. बाहेरचा कचरा आत व आतला बाहेर आणावा. ढिगाची कड कधीच पुरेशी तापत नाही, त्यामुळे न चाळवलेल्या ढिगात तणांचे बी कडेला शाबूत राहते.

६. तापमान ७० अंशांच्या वर जाऊ लागल्यास ढीग लगेच चाळवून पाणी शिंपडावे. त्या पुढे उपयुक्त जीवही मरू लागतात आणि कुजण्याची क्रिया थंडावते.

७. गांडूळ खत करावयाचे असल्यास ढीग पूर्ण थंड झाल्यावरच गांडुळे सोडावीत.

मिरची, टोमॅटो, तंबाखू यांवरील मोझॅकचे काही विषाणू अतिशय चिवट असतात व कंपोस्टच्या उष्णतेतही टिकू शकतात. अशी रोगट झाडे ढिगात न घालता उपटून जाळून नष्ट करावीत.

कंपोस्टमधील जिवाणूंचे महत्त्व उद्योगांनीही ओळखले आहे. जपानमधील शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये झाडांचा पालापाचोळा कुजवलेल्या कंपोस्टमधून एका विकराचा जनुक मिळविला. पानांवरील मेणचट थर फोडण्याचे काम करणारे हे विकर पाण्याच्या बाटल्यांचे पीईटी प्लास्टिकही फोडते असे आढळले. फ्रान्समधील संशोधकांनी त्यात सुधारणा केली आणि २०२० मध्ये ७२ अंश तापमानाला दहा तासांत ९० टक्के पीईटी मूळ घटकांत सुटे करून दाखविले. मात्र आपण भाजीपाला व कलिंगडासाठी वापरतो तो आच्छादनाचा कागद पीईटीचा नसून पॉलिथिनचा असतो. त्याच्यावर या विकराचा परिणाम होत नाही. म्हणून असा कागद ढिगात टाकू नये, तो गोळा करून पुनर्वापरासाठीच द्यावा.

लोणारचे विम्ल पाणी आणि कपड्यांची पावडर

बुलडाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात तयार झाले आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. पाण्याला बाहेर जाण्यास वाट नसल्याने क्षार साठत गेले. येथील पाण्याचा सामू १० च्या आसपास नोंदला गेला आहे. गोडे पाणी जास्त आले की तो खाली येतो. अशा पाण्यातही निळे-हिरवे शेवाळ आणि अनेक प्रकारचे जिवाणू भरपूर वाढतात. हैदराबाद येथील पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये येथील एका नव्या जिवाणूचे वर्णन केले. त्याला इंडिबॅक्टर अल्कॅलिफिलस, म्हणजे भारतातील विम्लप्रेमी जिवाणू, असे नाव देण्यात आले.

जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले तेव्हा बरीच चर्चा झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत हा रंग क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांचा असल्याचे आढळून आले. पाणी आटून क्षारांचे प्रमाण वाढले आणि या जीवांना अनुकूल काळ मिळाला. उन्हाळ्याच्या अखेरीस मिठागराचे पाणी लालसर दिसते, ते अशाच जीवांमुळे.

विम्लप्रेमी जिवाणू आपल्या पेशीच्या आतील सामू बाहेरच्यापेक्षा बराच कमी राखतात. परंतु अन्न फोडण्यासाठी जी विकरे ते पेशीबाहेर सोडतात, त्यांना मात्र बाहेरच्या विम्ल पाण्यातच काम करावे लागते. धुण्याच्या पावडरीचे पाणीही विम्लच असते. त्यामुळे रक्त, दूध, घाम यांचे डाग काढणारी प्रथिने फोडणारी विकरे अशा जिवाणूंपासून घेऊन पावडरीत मिसळली जातात. जपानमधील कोकी होरिकोशी यांनी १९६८ पासून या जिवाणूंचा पद्धतशीर अभ्यास केला. सुती कपडा उजळ करणारे विम्ल सेल्युलेज विकर असलेली पावडर १९८७ मध्ये जपानच्या बाजारात आली. कातडी कमावताना केस काढण्यासाठीही अशी विकरे वापरतात; त्यामुळे चुना व सल्फाइड कमी लागते आणि ओढ्यानाल्यांत जाणारे घातक पाणी कमी होते.

चोपण व क्षारयुक्त जमिनीत या जीवांचा उपयोग

लोणारच्या पाण्यात जिवाणू वाढतो, तर मग आमच्या चोपण जमिनीत तो सोडला तर जमीन सुधारेल का, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे.

क्षारयुक्त जमिनीत विद्राव्य क्षार जास्त असतात. तिची विद्युतवाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त आणि सामू ८.५ पेक्षा कमी असतो. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. विनिमययोग्य सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांपेक्षा जास्त आणि सामू साधारण ८.५ पेक्षा अधिक असतो. अशी जमीन ओली असताना चिकट, वाळल्यावर दगडासारखी कठीण होते आणि पाणी मुरत नाही. सोडियम हे मूलद्रव्य आहे. कोणताही जिवाणू ते खाऊन नाहीसे करू शकत नाही. ते कणांवरून सोडवून निचऱ्याच्या पाण्याबरोबर मुळांच्या खाली किंवा शेताबाहेर घालवणे हाच उपाय आहे.

सोडियम सोडविण्यासाठी कॅल्शियम लागते. ते जिप्सममधून मिळते. पण जमिनीत चुनखडी भरपूर असेल, जशी ती महाराष्ट्रातील अनेक काळ्या जमिनींत असते, तर तेथे गंधकाचा वापर करता येतो. येथे जिवाणूंचा खरा उपयोग आहे. न्यू जर्सी येथे वॅक्समन व जॉफ यांनी १९२२ मध्ये गंधकाचे आम्ल तयार करणारा एक जिवाणू वर्णन केला. आज त्याचे नाव अॅसिडिथायोबॅसिलस थायोऑक्सिडन्स असे आहे. हा जीव स्वतः तयार केलेल्या तीव्र आम्लातही जगतो. चोपण जमिनीत सुरुवातीला त्याचे साध्या सामूत वाढणारे भाऊबंद काम सुरू करतात. गंधकाच्या कणाभोवती आम्ल तयार होते, ते चुनखडी विरघळविते आणि जमिनीतच जिप्सम तयार होते. हिशेबाने एक किलो गंधक हे सुमारे ५.४ किलो शुद्ध जिप्समच्या बरोबरीचे काम करते.

या कामासाठी जिवाणूंना ओलावा, ऊब, हवा आणि वेळ लागतो. गंधकाची भुकटी जितकी बारीक तितके काम लवकर होते. पाणी साचलेल्या शेतात हवा नसल्याने गंधक तसेच पडून राहते. म्हणून पुढील क्रम पाळावा.

१. प्रथम माती व विहिरीचे पाणी तपासून घ्यावे. जमीन क्षारयुक्त आहे की चोपण, चुनखडी किती आणि जिप्समची गरज किती, हे समजल्याशिवाय खर्च करू नये.

२. चर काढून किंवा भूमिगत निचरा प्रणाली घालून पाण्याला वाट करून द्यावी. निचऱ्याशिवाय केलेली सुधारणा टिकत नाही.

३. अहवालानुसार जिप्सम किंवा गंधक, शेणखत अथवा कंपोस्टबरोबर मातीत मिसळावे. गंधक पेरणीच्या बरेच आधी द्यावे.

४. धैंचा पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडावा. कुजताना निघणारा कर्बवायू चुनखडी विरघळण्यास मदत करतो.

५. चांगल्या पाण्याने क्षारांचा निचरा करावा.

६. त्यानंतर क्षार सहन करणाऱ्या पिकांचे वाण आणि क्षार सहन करणारी जिवाणू खते वापरावीत.

जिवाणू खताचा क्रमांक शेवटी आहे, पण त्याचे महत्त्व कमी नाही. खारट मातीत साधे अॅझोटोबॅक्टर किंवा स्फुरद विरघळविणारे जिवाणू टिकत नाहीत. मातीतील क्षार पेशीतील पाणी ओढून घेतात. क्षार सहन करणारे जिवाणू पेशीत ग्लायसीन बेटेन, प्रोलीन, एक्टोइन असे पदार्थ साठवून पाणी धरून ठेवतात. ताण सहन करणारी पिकेही प्रोलीन व ग्लायसीन बेटेन साठवतात, म्हणजे झाड आणि जिवाणू यांची युक्ती सारखीच आहे. कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या लखनौ केंद्राने क्षारपड जमिनींतूनच असे जिवाणू निवडून त्यांची संवर्धके तयार केली आहेत. ती पिकाला मदत करतात, जमिनीतील सोडियम काढत नाहीत, हा फरक लक्षात ठेवावा.

इतर उपयोग थोडक्यात

आम्लप्रेमी जिवाणूंचा वापर खाणींत होतो. कमी प्रतीच्या तांब्याच्या खनिजावर आम्लयुक्त पाणी सोडले की जिवाणू लोह व गंधकाचे ऑक्सिडीकरण करतात आणि तांबे पाण्यात उतरते. चिलीसारख्या देशात हे काम मोठ्या प्रमाणावर चालते.

मिठागरासारख्या पाण्यात वाढणाऱ्या डुनालिएला या शेवाळात बीटा-कॅरोटीन भरपूर साठते. ऑस्ट्रेलियात उथळ खाऱ्या तलावांत त्याची वाढ करून अन्नपदार्थ व पशुखाद्यासाठी हे रंगद्रव्य काढतात.

हवेशिवाय जगणारे मिथेन जीव हे जिवाणूंपेक्षा वेगळ्या गटातील, आर्किया या गटातील आहेत. हा स्वतंत्र गट कार्ल वूज व जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये दाखवून दिला. गाईच्या कोठीपोटात आणि गोबरगॅस संयंत्रात तेच गॅस तयार करतात. त्यांना प्राणवायू घातक असतो आणि सुमारे ३५ अंश तापमान मानवते. थंडीत गॅस कमी पडण्याचे कारण हेच. अशा वेळी शेण कोमट पाण्यात कालवावे आणि जंतुनाशक किंवा फिनेलचे पाणी संयंत्रात जाऊ देऊ नये.

थंडीत काम करणारी विकरे गार पाण्यातील धुलाईसाठी, तर उष्णता सहन करणारे फायटेज विकर कोंबडी खाद्यात वापरले जाते. धान्यातील फायटेटमध्ये अडकलेला स्फुरद कोंबडीला पचत नाही. तो हे विकर मोकळा करते. खाद्याच्या गोळ्या वाफेवर तयार होतात, म्हणून येथे उष्णतेत टिकणारे विकरच लागते.

पाकीट घेताना काय पाहावे?

उष्ण झऱ्यातील, समुद्रातील किंवा खाऱ्या तळ्यातील जिवाणू अशा नावाखाली कोणी महागडी बाटली विकू लागल्यास पुढील प्रश्न विचारावेत. त्यात कोणता जिवाणू आहे? त्याची संख्या किती? उत्पादनाची व वापराची अंतिम तारीख कोणती? कोणत्या पिकावर व कोणत्या जमिनीत त्याची चाचणी झाली? जैविक खतांना २००६ पासून खत नियंत्रण आदेश लागू झाला आहे. रायझोबियम, अॅझोटोबॅक्टर, स्फुरद जिवाणू यांच्या भुकटी खतात एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी, तर द्रवरूप खतात एका मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत पेशी असणे आवश्यक आहे. ही माहिती वेष्टनावर नसेल तर माल घेऊ नये. ७० अंशांच्या झऱ्यातील जिवाणू ३० अंशांच्या मातीत आपोआप चमत्कार करील, ही अपेक्षा शास्त्राला धरून नाही. पक्के बिल घ्यावे आणि प्रथम थोड्या क्षेत्रावर, शेजारी वापर न केलेला पट्टा ठेवून, अनुभव घ्यावा.

ही संपत्ती कोणाची?

थर्मस अॅक्वाटिकसच्या विकरावर उभ्या राहिलेल्या पीसीआरचे हक्क १९९१ मध्ये ३० कोटी डॉलरला विकले गेले. ज्या उद्यानाच्या झऱ्यातून जिवाणू मिळाला, त्या यलोस्टोनला त्यातील काही मिळाले नाही. आपल्याकडे असे होऊ नये यासाठी जैविक विविधता कायदा, २००२ आहे. या कायद्याने जैविक संसाधनांत वनस्पती व प्राण्यांबरोबर सूक्ष्मजीवांचाही समावेश केला आहे. व्यापारी उपयोगासाठी ते नेणाऱ्याला नियमानुसार परवानगी घ्यावी लागते आणि लाभात वाटा द्यावा लागतो. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. ज्या गावांच्या शिवारात उष्ण झरा, खारे तळे, मिठागर किंवा खाजण आहे, त्यांनी त्याची नोंद या नोंदवहीत अवश्य करून घ्यावी.

नोंदीबरोबर जपणूकही हवी. लोणार सरोवराला नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. अशा पाण्यात सांडपाणी किंवा खतांचा निचरा मिसळला तर पाण्याचे गुणधर्म बदलतात आणि फक्त तेथेच राहणारे जीव कायमचे नष्ट होऊ शकतात. जो जिवाणू आज निरुपयोगी वाटतो तोच उद्या एखाद्या रोगाच्या निदानाला किंवा क्षारपड शेताला उपयोगी पडू शकतो.

सारांश, टोकाच्या परिस्थितीतील सूक्ष्मजीव हे मोठे कामकरी आहेत, पण ते आपल्या अटींवर काम करतात. उष्णताप्रेमींना ढीग रचून ऊब द्यावी, गंधकाच्या जिवाणूंना निचरा व हवा द्यावी, मिथेन जीवांना बंद टाकी व ऊब द्यावी. ही परिस्थिती निर्माण करणे शेतकऱ्याच्या हातात आहे आणि त्याला फारसा खर्चही येत नाही. येत्या हंगामात निदान एक कंपोस्टचा ढीग वर सांगितल्याप्रमाणे रचून, सळई घालून त्याचे तापमान पाहावे. खत तापून तयार झाल्यास पुढील खरिपात तण व खुरपणीच्या खर्चात फरक दिसून येईल.